बर्फावरची वहिवाट

स्नोमोबाईलसाठी जीपीएस नकाशा कोणता घ्यावा, या प्रश्नाचा आढावा

उत्तर विस्कॉन्सिनमधल्या एका शेताच्या कडेला आम्ही तिघं थांबलो होतो. हॅण्डलवर बसवलेल्या पडद्यावर जांभळी रेघ शेतातून सरळ पलीकडच्या रानात शिरत होती. समोर मात्र दोन खुंटांना केशरी दोरी बांधलेली आणि दोरीला प्लायवुडचा तुकडा टांगलेला: 'ट्रेल बंद'. पलीकडच्या बर्फावर हरणांच्या खुरांखेरीज एकही खूण नव्हती. नकाशा पैसे मोजून घेतलेला होता, दोनच हिवाळे जुना. मधल्या काळात शेत विकलं गेलं आणि नव्या मालकानं परवानगी दिली नाही, हे आम्हाला अकरा मैल मागे फिरून पेट्रोल पंपावर पोचल्यावर कळलं. पंपाच्या भिंतीवर तिथल्या स्नोमोबाईल क्लबचा कागदी नकाशा चिकटवलेला होता. त्यावर कुणीतरी लाल मार्करनं नेमकी त्या शेतावर फुली मारून ठेवली होती.

नकाशा चुकला असं तरी कसं म्हणावं? आम्ही जिथे उभे होतो तिथेच उपग्रहांनी आम्हाला दाखवलं. रेघही जागेवरच होती. पण त्या वाटेची वाट म्हणून मुदत संपली होती. स्नोमोबाईलच्या जीपीएस नकाशांवर उत्तर अमेरिकेत गेली वीस-पंचवीस वर्षं जी चर्चा चालली आहे ती ऐकताना उपकरणांची, ॲपची, वर्गणीच्या रकमेची वाटते. थोडं खोल गेलं की कळतं, घोडं दुसरीकडेच अडलंय. वाट आज खुली आहे हे कुणी सांगायचं, आणि त्याचं सांगणं किती दिवस खरं धरायचं?

आधी यंत्र, मग वाट

आपल्याकडे स्नोमोबाईल म्हटलं की गुलमर्ग आठवतं. चालकासोबत बसायचं, एक फेरी मारायची, फोटो काढायचा, झालं. अमेरिका-कॅनडाच्या उत्तर पट्ट्यात हा प्रकार वेगळा आहे. माणसं सकाळी निघतात, शंभर-दीडशे मैल जातात, वाटेत पेट्रोल भरतात, जेवतात, दुसऱ्या गावी मुक्काम करतात. विस्कॉन्सिनमधल्या सेनर गावच्या कार्ल एलियासननं १९२४ मध्ये मोटर लावलेली घसरगाडी बनवली. पुढे १९५९ मध्ये क्युबेकच्या व्हालकूर गावातल्या जोसेफ-आर्मान्ड बॉम्बार्डिएनं हलकी 'स्की-डू' बाजारात आणली आणि साठच्या दशकात हे यंत्र घरोघरी गेलं. मिनेसोटातल्या रोझो गावात पोलॅरिस उभी राहिली, थीफ रिव्हर फॉल्समध्ये आर्क्टिक कॅट.

यंत्रं आली तेव्हा वाटा नव्हत्याच. लोक मन मानेल तिथे घुसत, कुंपणं तुटत, शेतकरी संतापत. यातून गावोगावचे क्लब जन्माला आले. व्हरमाँटची राज्यव्यापी संघटना 'व्हास्ट' १९६७ ची. क्लबची माणसं शेतकऱ्याच्या घरी जाऊन, चहा नव्हे तर कॉफी पिऊन, परवानगी मिळवत. मग फलक रोवत, पूल बांधत आणि रात्री ग्रूमर, म्हणजे बर्फ दाबून सपाट करणारं मोठं यंत्र, फिरवत. त्या कामाची आजची व्याप्ती थक्क करणारी आहे: ऑन्टॅरिओत सुमारे ३० हजार किलोमीटर, क्युबेकमध्ये सुमारे ३३ हजार, मिनेसोटात सुमारे २२ हजार मैल, विस्कॉन्सिनमध्ये सुमारे २५ हजार मैल. यातलं बहुतेक काम बिनपगारी स्वयंसेवक करतात.

या वाटेचा स्वभाव कळल्याशिवाय नकाशाचा वाद कळत नाही. ती कापणी झालेल्या शेतातून जाते, गोठलेल्या दलदलीवरून जाते, रूळ उखडलेल्या जुन्या रेल्वेमार्गावरून जाते. मे महिन्यात तिथे जाऊन पाहिलं तर मका असतो किंवा चिखल. मिनेसोटात क्लबांनी सरकारी अनुदानावर राखलेल्या वाटा १ डिसेंबर ते १ एप्रिल एवढ्याच काळापुरत्या असतात. व्हरमाँटच्या वाटा १६ डिसेंबरच्या आत उघडत नाहीत. आपल्याकडे बांधावरची वाट वर्षानुवर्षं वापरात राहिली की वहिवाट होते, आणि कुणी ती अडवली तर तहसीलदाराकडे दावा लावता येतो. तिथेही वहिवाटीसारखा हक्क आहे, पण तो मालकाच्या परवानगीविना चाललेल्या वापरातून उभा राहतो. म्हणूनच परवानगी लेखी आणि मुदतीची ठेवणं मालकाच्या सोयीचं. वाट पन्नास वर्षं जुनी असली तरी तिची वहिवाट होत नाही, आणि एका मालकानं नाही म्हटलं की दोन गावांमधला सगळा मार्ग तुटतो.

जीपीएस येतो

जीपीएस यंत्रणा १९९५ मध्ये पूर्ण क्षमतेनं चालू झाली, पण नागरी वापरासाठीच्या संदेशात अमेरिकी लष्कर मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे आपली जागा शंभरेक मीटरनं इकडेतिकडे दिसायची. रानातल्या आठ फुटी वाटेसाठी तिचा उपयोग शून्य. १ मे २००० ला ही मिसळ बंद करण्याचा आदेश निघाला आणि एका रात्रीत चूक वीस मीटरच्या आत आली. आज मोकळ्या आकाशाखाली साधा फोनसुद्धा पाचेक मीटरपर्यंत अचूक असतो. घनदाट स्प्रूस झाडांखाली थोडा भरकटतो, इतकंच.

मग हौशी लोक आपापल्या फेऱ्या नोंदवू लागले. २००२ मध्ये जीपीएक्स हा सामायिक फाईलप्रकार आला आणि एकाची नोंद दुसऱ्याच्या उपकरणात जाऊ लागली. सह्याद्रीत आज कुणी नाणेघाटाची किंवा एखाद्या आडवाटेच्या किल्ल्याची जीपीएक्स फाईल मित्राला धाडतो, तसंच. पाठोपाठ अशा नोंदी आणि क्लबांचे कागदी नकाशे जुळवून विकणारे आले, ते मेमरी कार्डावर आख्ख्या राज्याच्या वाटा देत. नंतर ॲप आले. आता गाडीच्या कारखान्यातूनच पडदा बसवून येतो.

इथे एक तांत्रिक भेद सांगायलाच हवा, कारण खरेदीत सर्वांत जास्त फसगत त्याच्यामुळे होते. पडद्यावर रेघ दिसते म्हणजे ती नकाशाला 'समजते' असं नाही. नुसती नोंदवलेली रेघ मुकी असते. ती दिसते, पण पुढच्या पंपापर्यंत वाटेनं किती मैल हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी नकाशात वाटांचं जाळं लागतं, कुठे कोणती वाट कुणाला मिळते याची नोंद असलेलं. एका टाकीत शंभर-सव्वाशे मैल जाणाऱ्या गाडीवर बसलेल्याला हा फरक पोटातून कळतो. सरळ रेषेत बारा मैलांवर दिसणारा पंप वाटेनं सत्तावीस मैल निघतो. दुकानात विचारायचा पहिला प्रश्न त्यामुळे 'किती वाटा आहेत' हा नसून 'या वाटांवर मार्ग काढून मिळतो का' हा असावा.

थंडी, हातमोजे आणि फोन

उपकरणाचा वाद आता बराच निवला आहे, त्यामुळे थोडक्यात. फोनवाल्यांचं म्हणणं असं की चांगला पडदा, ताजे नकाशे आणि कॅमेरा खिशात असताना वेगळं यंत्र कशाला? वेगळं उपकरण वापरणारे थर्मामीटरकडे बोट दाखवतात. आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये वापरावा असं ॲपलच सांगतं. हातातली बहुतेक मैदानी जीपीएस उणे २० पर्यंत चालावीत अशीच बनवलेली असतात. उणे पंचवीसच्या वाऱ्यात ६० टक्के चार्ज असलेला फोन डोळ्यांदेखत मान टाकतो, हे मी पाहिलं आहे. वर जाड हातमोज्याचा प्रश्न. फोनच्या पडद्याला बोटाची कातडी लागते. जुन्या दाबानं चालणाऱ्या पडद्याला मोजा चालायचा, पण तसे पडदे मागे पडले. चौकात थांबून दातांनी मोजा ओढून काढणारा माणूस हे या खेळातलं नेहमीचं दृश्य आहे.

तडजोड अशी रुळली आहे: गाडीच्या १२ व्होल्टवर चालणारा पडदा हॅण्डलपाशी, फोन आतल्या खिशात अंगाच्या उबेला, आणि फोनवर नकाशा घरूनच उतरवून घेतलेला. रानात मोबाईलची रेंज नसते. शेवटची गोष्ट विसरणाऱ्याच्या पडद्यावर निळा ठिपका तेवढा असतो, भोवती करडं शून्य.

नकाशा कुणाचा?

खरा पेच इथे आहे. ढोबळमानानं चार पक्ष दिसतात. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच वाद मिटत नाही.

पहिला पक्ष क्लब आणि त्यांच्या महासंघांचा. परवानगी आम्ही आणतो, ग्रूमर आम्ही फिरवतो, तेव्हा वाट खुली की बंद हे आम्हालाच ठाऊक असतं, असं ते म्हणतात. ऑन्टॅरिओच्या महासंघाचा परस्परसंवादी नकाशा या मताचा सर्वांत ठसठशीत नमुना आहे. त्यात प्रत्येक तुकडा हिरवा, पिवळा किंवा लाल दिसतो. हिरवा म्हणजे खुला, पिवळा म्हणजे मर्यादित, जपून जा, आणि लाल म्हणजे बंद. लाल वाटेवर जाणं म्हणजे नुसता धोका नव्हे. मालकाची परवानगी त्या दिवशी लागूच नसते, त्यामुळे ती घुसखोरी ठरू शकते. क्युबेकच्या महासंघाचं 'आयमोटोनेज' ॲप याच घराण्यातलं. या नकाशांची उणीव सरहद्दीवर दिसते. एका महासंघाची हद्द संपली की रेघ संपते, आणि सहलीला निघालेल्याला चार ॲप बाळगावे लागतात. शिवाय रंग बदलणारा शेवटी एक स्वयंसेवकच असतो. तो दिवसभर नोकरी करून आलेला असतो. शनिवारी पहाटे तुटलेला पूल नकाशावर रविवारी रात्री लाल होतो, असंही घडतं.

दुसरा पक्ष नकाशे बनवून विकणाऱ्यांचा. राज्याराज्यांचे, क्लबाक्लबांचे तुकडे एका ढंगात आणायचे, पंप-हॉटेलं जोडायची, मार्ग काढता येईल असं जाळं विणायचं, हे कष्टाचं काम आहे आणि फुकटात कुणी करत नाही, हा त्यांचा मुद्दा. तो खरा आहे. क्लबांची तक्रारही खरी आहे: परवानगीसाठी उंबरे आम्ही झिजवायचे आणि त्या रेघा तुम्ही विकायच्या. कित्येक क्लबांना छापील नकाशाच्या विक्रीतून आणि त्यावरच्या स्थानिक जाहिरातींतून डिझेलचे पैसे सुटत. मिनेसोटा आणि मिशिगनसारख्या राज्यांचे नैसर्गिक साधनसंपत्ती विभाग वाटांची माहिती लोकांसाठी मोकळी ठेवतात, त्यामुळे तिथे हा तंटा सौम्य आहे. जिथे माहिती संघटनेच्या मुठीत आहे तिथे कडवा आहे. ग्राहकाच्या दृष्टीनं या नकाशांची गोम एकच, शिळेपण. एकदाच पैसे भरून घेतलेलं कार्ड विकत घेतल्या दिवसापासून जुनं होत जातं, आणि दरवर्षी वर्गणी मागणारं ॲप खिशाला लागतं. विक्रेत्याला सुधारित आवृत्ती कधी निघते आणि ती फुकट मिळते का हे विचारणं, किती मैलांच्या वाटा आहेत हे विचारण्यापेक्षा कामाचं.

तिसरा पक्ष खुल्या नकाशाचा. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपमध्ये कुणीही वाट भरू शकतो, स्नोमोबाईलसाठी राखीव आहे अशी नोंद करू शकतो. जीपीएसफाईलडेपोसारख्या ठिकाणी हौशी लोकांनी बनवलेले, गार्मिन कंपनीच्या जीपीएस उपकरणांत चालणारे फुकट नकाशे आहेत. चूक दिसली की दुरुस्त करा, कंपनीची वाट पाहू नका, ही या पक्षाची ताकद. मात्र जमिनीवर जाऊन पडताळता येईल तेच नोंदवायचं, हा ओपनस्ट्रीटमॅपचा दंडक आहे, आणि जुलैत त्या जागी पडताळायला काहीच नसतं. क्लबचा नकाशा पाहून परवानगीशिवाय उतरवणंही नियमात बसत नाही. शिवाय एकानं चुकून कापलेला शेताचा कोपरा दुसऱ्याच्या पडद्यावर वाट होऊन बसतो. तिसरा त्यावरून जातो आणि चौथ्या वेळी शेतकरी क्लबला फोन करून पुढच्या वर्षीची परवानगी काढून घेतो. कोकणात रात्री त्याच त्या जागी फिरवणाऱ्या चकव्याच्या गोष्टी सांगतात. हा चकवा माणसांनीच भरलेला, आणि इंटरनेटवरून पसरणारा.

चौथा पक्ष गाडी बनवणाऱ्यांचा, आणि सध्या वारं त्यांच्या बाजूनं आहे. पोलॅरिसची 'राईड कमांड' किंवा स्की-डू बनवणाऱ्या बीआरपीचं ॲप वाटा दाखवतं, सोबत्यांचे ठिपके दाखवतं. धुळीसारख्या उडणाऱ्या बर्फात मागचा गडी वळला की नाही हे पडद्यावर कळणं ही चैन नव्हे. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतली ही सर्वांत उपयोगी भर आहे. पण सोबतीला दुसऱ्या कंपनीची गाडी असली तर तिच्या मालकाला ॲप उतरवून घ्यावं लागतं, आणि गाडीचं आयुष्य पंधरा-वीस वर्षांचं असताना त्यातला पडदा तेवढी वर्षं अद्ययावत राहील याची हमी कोण देणार?

फिनलंडकडे पाहिलं तर हा वाद किती स्थानिक आहे ते लक्षात येतं. तिथे कायद्यानं ठरवलेला अधिकृत मार्ग आणि मालकाच्या परवानगीवर चालणारी वाट यांना वेगळे शब्दच आहेत, आणि राष्ट्रीय भूमापन खात्यानं २०१२ मध्ये आपले भूरूप नकाशे सर्वांसाठी मोकळे केले. अमेरिकेत ही भूमिका पेलणारी एकच संस्था नाही.

डोंगरात प्रश्नच बदलतो

आतापर्यंतचं सारं पूर्वेकडच्या आणि मधल्या राज्यांचं, जिथे वाट म्हणजे आखलेली वाट. कोलोरॅडो, आयडाहो, युटामध्ये लोक वाट सोडून उतारांवर जातात. तिथे नकाशाकडून दोन वेगळ्या गोष्टी हव्या असतात, हद्द आणि उतार.

हद्दीचं महत्त्व बॉबी अन्सरच्या प्रकरणानं साऱ्या देशाला कळलं. इंडियानापोलिसची ५०० मैलांची मोटारशर्यत तीनदा जिंकलेला हा माणूस डिसेंबर १९९६ मध्ये एका मित्रासह कोलोरॅडो-न्यू मेक्सिको सीमेवरच्या डोंगरात हिमवादळात अडकला. दोघांनी बर्फात गुहा खणून रात्र काढली आणि कसेबसे जीव वाचवून बाहेर आले. पुढे संरक्षित वनप्रदेशात यांत्रिक वाहन नेल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला. १९६४ च्या कायद्यानं अशा प्रदेशात मोटारगाड्यांना मनाई आहे. दंड झाला ७५ डॉलर, आणि अपील न्यायालयानं १९९९ मध्ये तो कायम ठेवला. बर्फाखाली हद्दीच्या पाट्या गाडल्या जातात. न्यायालयाला त्याच्याशी कर्तव्य नसतं. २०१५ मध्ये वनखात्यानं नवा नियम केला: बर्फावरच्या वाहनांना कुठे मुभा आहे ते प्रत्येक वनक्षेत्रानं ठरवून नकाशावर दाखवायचं. हे काम संथपणे चालू आहे. डोंगरात जाणाऱ्यानं नकाशा निवडताना हा थर त्यात आहे का हे आधी पाहावं.

उताराचं गणित जिवाशी आहे. हिमकडे बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरून सुटतात. बरेच ॲप आता हे उतार पिवळ्या-लाल छटांनी रंगवतात. त्या छटा बहुधा दहा मीटरच्या चौकटीवर मोजलेल्या उंचीवरून काढलेल्या असतात, त्यामुळे छोटा, उभा कडा त्यांत विरून जातो. हिमकड्यांचे प्रशिक्षक या छटांना सहल आखण्याचं साधन मानतात, निर्णयाचं नव्हे. छटा नव्या धाडसाला बळ देतात की सावध करतात, यावर तिथे एकमत नाही.

डोंगरात जाणारे हल्ली उपग्रहावरून संदेश धाडणारं छोटं यंत्रही बाळगतात, आणि ते शहाणपणाचं आहे. टोरोंटो किंवा मिनियापोलिसहून सुट्टीला घरी येणाऱ्या मराठी माणसानं मात्र ते बॅगेतून काढून ठेवावं. भारतात असं यंत्र परवान्याविना आणता येत नाही, आणि डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन महिलेला त्यापायी अडवलं गेलं होतं.

न सुटलेलं

पहिला अनुत्तरित प्रश्न मालकांचा. आपल्या शेतातली वाट क्लबच्या नकाशावर असणं आणि ती जगभर उतरवून घेता येणं, या दोहोंत पुष्कळ मालकांना फरक वाटतो. काही संघटना म्हणून फाईल देतच नाहीत, फक्त आपल्या ॲपमध्ये वाट दाखवतात. जे लपवलं जातं ते लोक स्वतः नोंदवतात आणि मग चुकीचं पसरतं, असं दुसरी बाजू म्हणते. दोन्ही भीती अनुभवातून आलेल्या आहेत.

दुसरा प्रश्न हिवाळ्याचा. २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींतला सर्वांत उबदार ठरला. अनेक वाटा त्या मोसमात उघडल्याच नाहीत. वर्षाची वर्गणी भरून पडद्यावर लाल रेघा पाहायच्या, याला किती जण तयार होतील? आणि वर्गणी आटली तर रेघा अद्ययावत कोण ठेवणार? क्लबातली माणसं म्हातारी होत चालली आहेत, ही काळजी जवळपास प्रत्येक बैठकीत ऐकू येते.

तिसरा प्रश्न तळ्यांचा, आणि त्यावर नकाशाकार सर्वांत गप्प असतात. वाट तळ्यावरून जाते तिथे काही नकाशे रेघ काठाशी थांबवतात आणि समोरच्या काठावरून पुन्हा सुरू करतात, काही ठिपके देतात, काही बिनदिक्कत सरळ ओढतात. मिनेसोटाचं नैसर्गिक साधनसंपत्ती खातं स्नोमोबाईलसाठी किमान ५ ते ७ इंच नवा, निर्मळ बर्फ सांगतं. त्याच तळ्यावर प्रवाह असेल, झरा असेल, तर पन्नास पावलांवर तो दोन इंच असतो. ही जाडी हॅण्डलवरच्या कुठल्याही पडद्यावर दिसत नाही. त्या पंपावर, फुली मारलेल्या नकाशाच्या खाली, भिंतीला टेकवून एक हातगिरमिट ठेवलेलं होतं. पंपवाल्याला विचारलं, तर म्हणाला, सकाळी तळ्यावर भोकं पाडून आलो, साडेनऊ इंच आहे, उत्तरेच्या कोपऱ्याला जाऊ नका.